कोरा किनारा

दोन धोंड्यांच्या फटीत उपसर पोटापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. पुढे जाववेना, मागे येववेना. शेवटी बायकोनं मागून खांदा लावला, तेव्हा बाटलीचं बूच उडावं तसे ते पलीकडच्या वाळूत जाऊन पडले.

डोकं वर करून पाहतात तो समोर एक जाडजूड गृहस्थ टॉवेलवर पसरलेले. त्यांनी तोंडावरचं वर्तमानपत्र बाजूला केलं आणि चहा आणलाय का, असं विचारलं.

उपसरांनी अंगावरची वाळू झटकली. हाही किनारा हातचा गेला.

बेट तसं निवांत होतं. माणसं थोडी, गाड्या त्याहून थोड्या, आणि प्रत्येक किनाऱ्यावर घराएवढाले गुळगुळीत धोंडे. देवानं घर बदलताना सामान उतरवून ठेवावं आणि न्यायचं विसरून जावं, तसे. पण धोंड्यामागे डोकवावं तर कुणीतरी आधीच येऊन गेलेलं. एकीकडे पोरांनी बांधलेला किल्ला, दुसरीकडे गुलुगुलु बोलणारं जोडपं, तिसरीकडे नुसती एक चप्पल. उपसरांना सगळ्यात जास्त राग आला तो चपलेचा. जोडप्याला खाकरून निदान लाजवता तरी येतं.

उपसर जन्मभर दुसरे राहिले होते. भूगोल शिकवता शिकवता ते शाळेचे उपमुख्याध्यापक झाले आणि मुख्याध्यापकांची खुर्ची रिकामी व्हायच्या थोडं आधी निवृत्त झाले. नावाला मात्र 'उप' कायमचं चिकटून राहिलं. घरात दुसरे चिरंजीव, सासरी दुसरे जावई. पहिले जावई म्हणजे त्यांचे साडू. साडूंनी घर आधी बांधलं, गाडी आधी घेतली. गुडघासुद्धा आधी बदलून घेतला, आणि उपसरांचा दुखायला लागला तेव्हा, आमच्याच डॉक्टरकडे जा, माझं नाव सांगा, असा वर सल्ला दिला.

एवढं सगळं उपसरांनी गिळलं होतं. पण गेल्या वर्षी साडू कुठल्याशा समुद्रावर जाऊन आले आणि तिथला एक फोटो घेऊन आले. सपाट वाळू, आणि तिच्यावर एकट्या साडूंच्या पावलांची रांग. माणसाचा पाय न लागलेला किनारा, असं ते सांगत. तेव्हापासून घरात कुठलाही समारंभ असो, जेवणाऱ्यांचे हात वाळायच्या आत तो फोटो फिरायला लागे. उपसरांकडे तर तो दोन्ही बाजूंनी येई.

"मला एकदाच, एका तरी ठिकाणी पहिलं पाऊल टाकायचंय," परतताना ते बायकोला म्हणाले. "मग मी खुशाल मरायला मोकळा."

"मरायची घाई करू नका. परवाची परतीची तिकिटं काढलीत," बायको म्हणाली.

म्हणजे हातात राहिला तो उद्याचाच दिवस.

संध्याकाळी लॉजच्या व्हरांड्यात बायको मालकीणबाईंशी बराच वेळ कुजबुजत बसली होती. कसलं खलबत चाललंय, असं उपसरांनी विचारलं, तर केस गळण्यावरचा उपाय, असं उत्तर आलं. उपसरांनी स्वतःच्या टकलावरून हात फिरवला आणि विषय तिथेच सोडला.

सकाळी जाग आली तेव्हा शेजारची उशी थंड होती. चहा येईतो बायको आली, ती घामाघूम होऊन. फिरायला गेले होते, म्हणाली. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा रिक्षा करणारी बाई आपण होऊन फिरायला गेली, याचं श्रेय उपसरांनी हवापालटाला देऊन टाकलं. तिनं कप बोटांच्या टोकांनी धरला. चहा फार गरम असावा.

मग तिनं सहज म्हणून सांगितलं, की उत्तरेला मोठ्या धोंड्यांपलीकडे एक किनारा आहे म्हणे. फट फारच अरुंद, त्यामुळे तिकडे कुणी फिरकत नाही, असं मालकीणबाईंचं म्हणणं.

उपसर अर्धा चहा टाकून निघाले. फटीपाशी त्यांनी श्वास रोखला, आजवर पुरवलेल्या लाडांबद्दल पोटाला मनातल्या मनात चार शब्द सुनावले आणि खेकड्यासारखे आडवे सरकत बाहेर पडले.

वाळू कोरी होती. धोंड्यांच्या पायथ्यापासून पाण्यापर्यंत एक पाऊल नाही, कागदाचा कपटा नाही, चप्पल नाही. होत्या त्या नुसत्या बारीक रेषा, अर्धगोलात, एकीला लागून एक.

"ही वाऱ्याची नक्षी," वर्गात तपासनीस येऊन बसल्यावर बोलावं तशा आवाजात उपसर म्हणाले. "निर्मनुष्य जागेशिवाय अशी उमटत नाही."

"बिचाऱ्याला केवढा वेळ लागला असेल," बायको म्हणाली.

"शतकं लागतात, अगं. शतकं."

ते पाण्यापर्यंत चालत गेले आणि वळून पाहिलं. सगळ्या किनाऱ्यावर एकच रांग, आणि ती त्यांची. डोळे पुसताना खारा वारा झोंबतोय, असं त्यांनी जाहीर केलं. बायको धोंड्याला पाठ टेकून बसली होती. माझी पावलं मध्ये नकोत, असं म्हणून तिनं तिथूनच फोटो काढले.

फोटो साडूंना गेला. लॉजवर पोचतात न पोचतात तोच साडूंचा फोन आला. आधी त्यांनी तिकडची हवा विचारली. मग साडू म्हणाले, "वाळू चांगली आहे."

साडूंच्या तोंडून हे ऐकायला उपसरांना अख्खा संसार खर्ची घालावा लागला होता. व्हरांड्यात येरझारा घालत ते साडूंना वारा समजावून सांगू लागले, आणि साडू पहिल्यांदाच मध्ये न बोलता ऐकत राहिले.

आत खोलीत बायको पलंगावर पालथी पडून थोरल्या बहिणीशी फोनवर बोलत होती. "हो गं ताई, झालं एकदाचं यांच्या मनासारखं. पण खरं सांग, मागच्या वर्षी भाऊजींसाठी तो एवढा मोठा किनारा तू एकटीनं झाडलास तरी कसा?"