वर्षभर पुरतील असे बूट

“सोन्याची सुरी झाली म्हणून ती काय उरात खुपसून घ्यायची?” आईने रक्ताचा डाग पडलेला मोजा काउंटरवर टाकला. “तुमच्याच दुकानातले बूट आहेत हे. सगळ्यात महाग. माप घेऊन, चालायला लावून, सतरा प्रश्न विचारून दिलेले. आणि माझ्या पोरीच्या पायातून रक्त येतंय!”

बाकांवर बसलेल्या गिऱ्हाइकांनी कान टवकारले. एका बाईने मुलाच्या पायात चढवलेला बूट हळूच काढून ठेवला. ते पाहून दुकानदाराचा चेहरा पडला.

“ताई, जरा बसून बोलू या. आमचा बूट चावला असं आजवर कुणी म्हणालेलं नाही.”

“मग हे काय मी रंगात बुडवून आणलंय?”

भिंगरी तेच बूट घालून दाराशीच उभी होती. सात वर्षांची पोर. घरात पाय ठरत नसे म्हणून हे नाव पडलेलं. हल्ली मात्र ही भिंगरी मैदानाच्या कडेला बाकीच्यांची दप्तरं सांभाळत बसते, असं शाळेतल्या बाईंनी कळवलं होतं. कारण विचारलं की एकच उत्तर, “मला नाही पळायचं.” आंघोळीला गेली की दार आतून लावून घ्यायची. मोजे स्वतःच धुवायची. पोर शहाणी झाली म्हणून आई मनातून सुखावली होती. आज सकाळी पलंगाखाली हा एक मोजा सापडला आणि तिच्या काळजात चर्र झालं. टपाल कचेरीतल्या खिडकीवर बसणारी बाई ती. अर्धा दिवस रजा टाकून लेकीला ओढतच इथे घेऊन आली होती.

खरं सांगायचं तर तिचा राग दुकानदारावर कमी आणि नवऱ्यावर जास्त होता. परदेशी कामाला निघण्याच्या आदल्या दिवशी त्यानेच लेकीला या दुकानात आणलं होतं. वाढत्या पायाला एवढे महाग बूट म्हणजे पैसे पाण्यात, असं ती म्हणाली, तर तो म्हणाला, “पोरीच्या पायाशी काटकसर नको. बोटभर जागा ठेवून घेतलेत. वर्षभर पुरतील.” वर्ष उलटून गेलं. बूट घरात होते, तो नव्हता. पंधरवड्यापूर्वी फोनवर घसा खाकरत त्याने सांगून टाकलं, की तिकडे त्याने दुसरा संसार मांडलाय, आता वाट बघू नका. ते तिने एकटीनेच गिळलं होतं. लेकीला सांगितलं, बाबांचं काम लांबलंय. खोटं बोलताना तिची जीभ अडखळली होती, पण पोरीने काही विचारलं नाही.

दुकानदाराने मापाची लाकडी पाटी आणली. “आत्ता निवाडा होऊ दे. ये बाळ, बूट-मोजा काढ.”

“मोजा नाही काढणार,” बूट काढत भिंगरी म्हणाली.

“बरं, राहू दे.”

त्याने तिची टाच पाटीच्या कडेला टेकवली, सरकती पट्टी बोटांपर्यंत आणली आणि कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. मग बूट उलटा करून त्यावरचा आकडा पाहिला. लगेच त्याचा आवाज चढला.

“बघा! तंतोतंत. बोटभर जागासुद्धा तशीच शिल्लक आहे. बूट बरोबर आहेत ताई, पोरीचा पायच वाढलेला नाही.”

“वर्षभरात?”

“नसतील वाढत काहींचे.”

तो हात झटकून मोकळा झाला. आईचा राग मात्र पार उतरला आणि तिला भीतीने घेरलं. या वर्षात पोरीच्या फ्रॉकचा काठ तिने दोनदा उसवून खाली सोडला होता. सगळं अंग वाढतं आणि पाय तेवढे वाढत नाहीत, हे कसलं दुखणं? ती गुडघ्यांवर बसली आणि पाटीवरचा पाय जवळून बघू लागली. मोज्याचं टोक रिकामंच दुमडलेलं होतं. त्याच्या मागे कापडाला चार-पाच उंचवटे आले होते. भिंगरीने खालचा ओठ दाताखाली धरला होता. मुठी आवळल्या होत्या.

लेकीला गुदगुल्या कुठे होतात, हे आईला सांगावं लागत नाही. तिने तळव्याच्या खळगीत नख फिरवलं.

भिंगरीला खुदकन हसू फुटलं. बोटं उलगडली. पट्टी खाडकन पुढे सरकली. दुकानदार आकड्याकडे बघतच राहिला.

हसू तिथेच विझलं आणि पोर हुंदके देऊन रडू लागली. आईने मोजा काढला. बोटांची पेरं सोलून निघाली होती, अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं होतं.

“अगं, बोटं मुडपून चालत होतीस? इतके दिवस?” आईने तो पाय मांडीवर घेतला. “सांगायचं नाहीस का गं? नवे घेतले असते. आत्ता घेऊ. भाऊ, हिच्या मापाचे काढा. महाग असले तरी चालतील.”

“नको!” भिंगरीने जुने बूट झडप घालून पोटाशी धरले. “मोठे नको. मला हेच बसतात. तू गुदगुल्या केल्यास म्हणून. नाहीतर बसतात.”

“रक्त येतंय गं राणी. कशापायी हा हट्ट?”

भिंगरीने बाह्यांनी डोळे पुसले. सगळे आपल्याकडे बघताहेत हे पाहून ती आईच्या कानाशी लागली.

“बाबा म्हणाले होते, हे बूट तुला लहान व्हायच्या आत मी घरी येतो. त्यांना उशीर होतोय ना, म्हणून मी बूट लहान होऊच देत नाहीये.”