मंजूताईचं बोलणं

नाशिकच्या पेपरात सावळीराम गांगुर्डे रोज 'मंजूताई' नावाची चित्रपट्टी काढत. मंजूताई ठसकेबाज, बोलघेवडी. आणि इतक्या वर्षांत तिचा एकही केस पांढरा झाला नव्हता. त्यांच्या बायकोला, लताबाईंना, ती सवतीसारखी वाटे. सावळीराम घरातल्या टेबलाशी बसून तिच्या तोंडी वाक्यं घालत, पुटपुटत, स्वतःशीच हसत. लताबाई पानं वाढून हाक मारत. उत्तर ठरलेलं, "थांब, तिचं बोलणं अर्धं राहिलंय." मग लताबाई उपाशीच थांबत.

सावळीराम गेले. चार दिवसांनी पेपरमधला धम्मपाल शेवटची पट्टी न्यायला आला. सावळीराम आधी चित्र काढत, शब्द मागाहून भरत. या चित्रात मंजूताई एकटीच समोर बघत, हात उंचावून उभी होती. तिच्या तोंडापुढचा फुगा कोरा होता.

"काकू, ती इथे काय बोलणार होती? सर काही म्हणाले होते का?"

मंजूताई उद्या काय बोलणार, हे सावळीरामांनी घरात कधीच सांगितलं नव्हतं. लताबाईही ते चार लोकांसारखं सकाळी पेपरातच वाचत.

"म्हणाले होते ना! मलाच तर सगळं आधी सांगायचे," लताबाई म्हणाल्या. "आण तो पेन इकडे."

दुसऱ्या दिवशी पंचवटीपासून मनमाडपर्यंत सगळ्यांनी वाचलं. मंजूताई म्हणत होती, "अहो, माझं बोलणं संपलं. आता उठा, आत ती जेवायची थांबलीय."