आईचं अर्धं वचन

शप्पथ घेऊन सांगते, ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय. खोटं निघालं तर माज्या जिभेला फोड येऊ दे. मला सांगितलं ते कस्तुराबाईनं. कस्तुराबाई म्हंजे माज्या चुलतसासूची सख्खी भैन, नि लोणावळ्याच्या त्या बोर्डिंगात तीच भाकऱ्या थापत व्हती.

तर सुवार्ता दरीच्या कडंला उभी व्हती आणि दरीतनं तिची आई बोलत व्हती. आई तर तिकडं लांब, शेवगावच्या रानात, दोन दिवसांच्या वाटंवर.

पोर किरिस्तावाची. वय सतरा. मिशनच्या बोर्डिंगात मास्तरीण व्हायला आलती. तिच्या गावात डोंगर न्हाई, धुकं न्हाई, सगळं सपाट नि कोरडं. हितं भादव्यात धुकं असं उतरायचं, की ताटातली भाकर चाचपून खावी लागायची. पोर पार सुकली. जेवंना, बोलंना. बोर्डिंग चालवणाऱ्या मडमबाईनं बजावलं, महिन्याभरात सावरली न्हाईस तर घरी धाडीन, नि एकदा गेलीस की परत घेणार न्हाई. गावाकडं पोरी तिची वाट बघत व्हत्या. ती मास्तरीण झाल्याबिगार तितं पोरींची शाळा निघणार न्हवती.

घरी मायलेकींची एक रीत व्हती. दिवेलागणीला स्तोत्र म्हणायचं, पर वाटून. वचनाचं पैलं अर्धं आईनं, दुसरं अर्धं लेकीनं. निघताना ठरलं, दोघींनी त्याच वक्ताला आपापलं अर्धं म्हणायचं. म्हंजे लांब असूनबी जोडीनं म्हणल्यासारखं. म्हून सुवार्ता रोज सांजेला बोर्डिंगच्या मागं जायची. आईच्या अर्ध्यापुरती गप ऱ्हायची, मग आपलं म्हणायची. आईचं अर्धं तिनं तोंडातनं कधी काढलं न्हाई. ते आईचं व्हतं.

नवव्या दिशी त्या गप जागेत आवाज आला. दरीतनं. आईचाच. आई उतारवयात लेकीकडनं अक्षरं शिकलेली. एका जड शब्दापाशी ती अडायची, आवंढा गिळायची, मग फुडं जायची. हा आवाजबी तितंच अडला. आवंढा गिळला. फुडं गेला.

त्या दिशी पोर दोन भाकरी जेवली. दुसऱ्या दिशी तीन. कस्तुराबाईला वाटलं, रुळली बाई एकदाची. मडमबाईबी हसली म्हणं, आणि ती बाई वर्सातनं एकदा हसायची, नाताळाला.

पर आवाज रोज थोडा खाली सरकायचा. आदी कुंपणापाशी ऐकू यायचा. मग करवंदीच्या जाळीपाशी. मग पार शेवटच्या खडकावर जावं लागलं. लुगड्याचा काठ वला नि कुसळांनी भरलेला बघून कस्तुराबाईनं इचारलं, तवा पोरीनं सांगून टाकलं. कस्तुराबाईच्या हातातला उंडा परातीत पडला. ती म्हणली, दरीतनं कुणी बोललं तर आदी त्याला आपलं नाव इचारावं. आपलं माणूस असंल तर आपल्याला नावानं हाक मारंल. सुवार्तानं तिलाच समजावलं, मावशी, आमी असलं मानत न्हाई.

मग टपाल आलं. आईनं मोठाल्या अक्षरात लिवलं व्हतं, तू गेलीस नि माजा घसाच मिटला. महिना झाला, मी स्तोत्र म्हणलंच न्हाई. रागावू नगंस.

त्या सांजेला सुवार्ता तरीबी गेली. आईचा नसंना का, आवाज तर घरचा व्हता. तो ऐकल्याबिगार तिला घास गिळंना. खडकाच्या टोकाला पायाची बोटं आली. खालनं आईचं अर्धं वचन आलं, अगदी पायाखालनं. पोर गप ऱ्हायली. पुन्यांदा आलं. आणि आपलं अर्धं म्हणायच्या जागी तिनं इचारलं,

"आई, माजं नाव काय?"

खाली सगळं गप झालं. दरीतल्या वढ्याच्या पाण्याचासुदीक आवाज थांबला.

मग खडकाच्या कडंनं झुंबरबाई वर आली. कुसगावची गवतवाली, डोक्यावर भारा, हातात इळा. म्हणली,

"तुजं नाव मला काय ठावं, पोरी? तू मधीच थांबायचीस, जीव तुटायचा. म्हून म्या जोड द्यायचे. माजी लेक घाटाखाली दिलीया. तीबी अशीच एकली बसत असंल."

तिनं पोरीचा दंड धरला नि तिला खडकावरनं मागं आणली. दोघी भाऱ्यावर बसून रडल्या, मग हसल्या. सुवार्ता त्या दिसापासनं खडकाकडं फिरकली न्हाई. दोन वर्सं पुरी केली, मास्तरीण झाली, गावात शाळा काढली. स्तोत्र मात्र तिनं सोडलं न्हाई. फकस्त आता दोन्ही अर्धी ती एकटीच म्हणायची, एका दमात, मधी श्वासापुरतीबी जागा न ठेवता. तिच्या शाळंतल्या पोरीबी तसंच म्हणायला शिकल्या.

सगळं खरं हाय. सुवार्ता खरी, टपाल खरं, खडक तर आजबी हाय, जाऊन बघा. पर पोर मागं आली ती एकटीच. झुंबरबाई तेवढी मी पदरची घातली, तुमाला झोप यावी म्हून. त्या खडकाखाली सरळ कडा हाय. गवत कापायला कुणी उभं ऱ्हाईल एवढी जागाच तितं न्हाई.