अंगठा दाबून ठेवा

"अंगठा उचललात, सर," कंपनीकडून आलेली बाई म्हणाली.

पांढरी गाडी फाटकातून अर्धीच आत येऊन थांबली होती. पुढची चाकं अजून रस्त्यावर. गाडीत कोणीच नव्हतं. ती मागं मागं येत आपली आपण वळणार, भिंतीला न घासता आत शिरणार आणि व्हरांड्याच्या पायरीशी उभी राहणार, अशी तिची ख्याती. मालकानं फक्त बाहेर उभं राहून फोनवरचं निळं बटण अंगठ्यानं दाबून धरायचं. अंगठा सुटला, की गाडी जागच्या जागी थांबते.

"नाही उचलला," तो म्हणाला.

"उचललात. माझ्याकडे दिसतं ना इथे." बाईनं हातातला टॅब त्याच्यापुढे धरला. "दर वेळी. आणि दर वेळी त्याच जागी."

व्हरांड्यात खुर्चीवर बसलेल्या आईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ती जागा तिला नीट माहीत होती. गाडी आत घेताना कोणीतरी मागे उभं राहून हातानं खुणावायचं, ही या घरातली रीत. नवरा गाडी चालवायचा तेव्हाही मागे तीच उभी असायची. गेल्या वर्षी मुलगा चालवत होता आणि ती त्याच जागी उभी होती. गाडीच्या धक्क्यानं मोडलेलं कंबरेचं हाड जुळलं, पण त्या दिवसानंतर मुलानं स्टीअरिंगला हात लावला नाही. 'आरशात दिसत होतीस, तरी पाय उचलला गेला नाही,' एवढंच तो तेव्हा म्हणाला होता.

तो लिफ्ट तपासायचा. गावभरच्या इमारती हिंडायच्या, लिफ्ट मजल्याशी नेमकी थांबते की नाही ते बघायचं आणि सही करायची. गाडी सुटली तशी फिरतीही सुटली. आता तो कचेरीत बसून दुसऱ्यांनी तपासलेलं वाचायचा. आज ही गाडी आत लागली नाही तर ती परत करायची आणि साहेबांकडे कायमचं टेबल मागायचं, असं त्यानं सकाळीच सांगून टाकलं होतं. आजाऱ्याशी बोलावं तशा हळू आवाजात. वर्षभर तो आईशी त्याच आवाजात बोलत होता. एके काळी भाजीत मीठ जरा जास्त झालं, तरी घर डोक्यावर घ्यायचा. आईला त्या आरडाओरड्याची आठवण यायची.

"सर, राग मानू नका," बाई म्हणाली, "पण गाडीची भीती वाटते का?"

"गाडीची नाही."

बाई व्हरांड्याकडे वळली. "काकू, तुम्ही तरी सांगा यांना."

"त्याला काय सांगायचं? लहानपणी पोहायला घातला, तर शिकवणाऱ्यानं हात टेकले. काठ सोडेल तर शपथ." आईनं हात पुढे केला. "आण तो फोन इकडे."

"आई, तू नको."

"का? कंबर मोडली होती माझी. अंगठा शाबूत आहे."

बाईला हसू फुटलं, पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिनं ते गिळलं. त्याच्या हातातून फोन घेऊन तिनं आईच्या हातात दिला. "दाबून धरा, काकू. काही झालं तर सोडा. बाकी सगळं ती बघेल."

आईनं निळं बटण दाबलं. रस्त्यावरची चाकं जरा तिरपी झाली आणि गाडी मागं सरकू लागली. आईचा हिशेब साधा होता. तिच्याच अंगठ्याखाली गाडी त्या मोकळ्या फरशीवरून एकदा जाईल, तो डोळ्यांनी बघेल आणि विषय संपेल. ती चाकांकडे बघत राहिली. एक चाक फाटकाच्या आत आलं. दुसरं आलं.

"सर! सर, बाजूला व्हा!"

आईनं मान वर केली. तो तिच्या शेजारी नव्हता. खाली फरशीवर, नेमका त्या जागी, तो जाऊन उभा राहिला होता. गाडीकडे तोंड, आईकडे पाठ. उजवा हात वर, आणि बोटांनी तो गाडीला बोलावत होता.

"येऊ दे," तो म्हणाला. "येऊ दे, आई. अजून येऊ दे."

गाडीचं पिकपिक जलद झालं. मग एकच लांबलचक आवाज आला आणि गाडी थांबली. तिच्या मागच्या पत्र्यात आणि त्याच्या गुडघ्यांत मूठभर अंतर उरलं होतं.

बाईनं टॅबवर नजर टाकली आणि तिच्या जिवात जीव आला.

"बघितलंत, सर? आपण होऊन थांबली!" तिनं टॅब उंच धरला. "काकूंनी अंगठा उचललाच नव्हता. हे बघा ना, शेवटपर्यंत दाबलेलाच आहे. तरी थांबली."

आईनं फोनकडे पाहिलं. अंगठा निळ्या बटणावर तसाच होता, नखाच्या कडा पांढऱ्या पडलेल्या. तो आपला आपण निघेना. तिनं दुसऱ्या हातानं धरून तो बाजूला केला.

"अरे," तिनं मुलाला हाक मारली.

त्यानं मागे वळून पाहिलं. हात अजून वरच होता.

"दिसत होतास तू मला," आई म्हणाली. "चांगला दिसत होतास. तरी नाही रे उचलला गेला."