रुख्माबाईचं फाटक

चंद्रशेखर गुरुजींनी डोळे मिटायला सांगितलं, तेव्हा विमलाबाईनं एक डोळा किलकिला ठेवून रुख्माबाई कुठं बसली आहे ते पाहून घेतलं. नेमकी शेजारीच होती. विहार एवढा मोठा, पण म्हातारीला पाठ टेकायला भिंत लागते आणि भिंतीशी तेवढीच जागा उरली होती.

वर्षावासाचे दिवस होते. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या त्या वॉर्डात रविवारी संध्याकाळी वंदना झाली, की गुरुजी मंगल मैत्री घेत. आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग घरच्यांचं आणि शेवटी आपल्या डोळ्यांत खुपणाऱ्या एखाद्याचं.

"नाव घ्या, पन मनातल्या मनात," गुरुजी म्हणाले आणि मागं बसलेल्या कॉलेजच्या पोरींसाठी पुन्हा हिंदीत म्हणाले, "मन में ही, बेटा."

विमलाबाईला नाव शोधावं लागलं नाही. रुख्माबाईला कमी ऐकू येतं, त्यामुळे तिची कुजबुज तीन घरं ओलांडून जाते. विमलाबाईच्या मुलाच्या लग्नात तिनं शेजारणीच्या कानात सांगितलं होतं की वरणात मीठ नाही. ते मांडवाबाहेरच्या बँडवाल्यांनीही ऐकलं. तेव्हापासून विमलाबाईनं तिच्याशी बोलणं टाकलं. भांडण नाही, तंटा नाही, फक्त तोंड फिरवून जायचं. आपण कुणाला वाकडा शब्द बोलत नाही, याचा तिला अभिमानच होता.

आणि आता नेमकं तिच्याकडंच घोडं अडलं होतं. विमलाबाईच्या नवऱ्याला, पुनारामला, लकवा मारून महिना होत आला होता. डॉक्टर म्हणाले होते, रोज दवाखान्यात आणून व्यायाम करवून घ्या, पायात बळ परत येईल. नुसता पडून राहिला तर येणार नाही. समाजातल्या लोकांनी चाकांची खुर्ची आणून दिली, पण ती समोरच्या बोळातून निघेना. मागच्या दारानं रुख्माबाईच्या अंगणात उतरलं, तर तिच्या लोखंडी फाटकातून सरळ रस्त्याला लागता येत होतं. ते फाटक सदा बंद. कधी उघडलंच तर असं किंचाळायचं की गल्लीतली कुत्री उठून बसायची. त्या किंचाळण्याचा त्रास नव्हता तो फक्त रुख्माबाईला, तिला ते ऐकूच येत नसे.

तिला विचारायचं म्हटलं, की विमलाबाईची जीभ टाळूला चिकटायची. खुर्ची ओसरीत उभी होती आणि तिच्यावर टॉवेल वाळत होते.

‘रुख्माबाईचं भलं होवो,’ ती मनात म्हणाली. मन काही हललं नाही. पुन्हा म्हणाली. कडू काढा पिताना होतं तसं तिचं तोंड झालं.

तेवढ्यात शेजारून आवाज आला. रुख्माबाईही कुणाचं तरी नाव घेत होती, आणि तेही मनातल्या मनात. निदान तिला तसं वाटत होतं.

"विमलाचं भलं होवो," ती म्हणाली आणि साऱ्या विहारानं ऐकलं. "लय गर्वाची बाई हाये. माह्याशी बोलत नाई. घरी मानूस पडला हाये, खुर्चीवर कपडे वाळवून राह्यली, पन फाटक खोल असं म्हन्याले तिची जीभ वळत नाई. मी रोज वाट पाहून राह्यली. तिच्या पुनारामचा पाय बरा होवो. आन तिले तोंड उघडाची बुद्धी होवो."

मागं कुणीतरी पदरात हसलं. गुरुजींनी डोळे उघडले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या.

विमलाबाईचे कान तापले. आपणही कुणाच्या डोळ्यांत खुपत असू, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. आणि जिच्या डोळ्यांत खुपत होतो, तीच आपल्या नवऱ्याचा पाय बरा व्हावा म्हणत होती. राग यायला हवा होता, आला तो हुंदका. तिनं तो पदरात दाबला. गर्वाची, हे खरंच होतं. आणि एवढ्या मोठ्यानं कुणी सांगितलं नसतं, तर ते तिला या जन्मी कळलं नसतं. बरं झालं बाई, तिला वाटलं, हिला हळू बोलता येत नाही ते. तिनं पुन्हा रुख्माबाईचं नाव घेतलं, तर या खेपेला ते सहज निघालं.

शेवटचं ‘साधू, साधू, साधू’ म्हणून झालं आणि लोक उठले. विमलाबाईनं रुख्माबाईला हात देऊन उभं केलं. हळू विचारून उपयोग नव्हता. जन्मात कधी आवाज न चढवलेल्या बाईला सगळ्यांसमोर ओरडावं लागलं.

"मावशी, उद्या फाटक खोलसान का? ह्यायले दवाखान्यात न्याचं हाये."

"काहून वरडतं व?" रुख्माबाई म्हणाली. "मी का बहिरी हावो?" मग हात न सोडता म्हणाली, "हौ. सकाळीच आन त्याले. चहा माह्या घरचा."

सकाळी विमलाबाई खुर्ची ढकलत मागच्या दारानं अंगणात उतरली. फाटक आता किंचाळणार, म्हणून पुनारामनं चांगल्या हातानं आधीच एक कान झाकून घेतला. बिजागरीखालच्या फरशीवर तेलाचे थेंब सांडलेले होते, बऱ्याच दिवसांचे, काळे पडलेले.

रुख्माबाईनं कडी काढली. फाटक जराही आवाज न करता उघडलं.