एकटी असमाधानी

ग्रंथालयाबद्दल विद्यार्थ्यांनी भरून दिलेले एकशेवीस फॉर्म कंत्राटी ग्रंथपाल सिराजोद्दीन सरांनी तिसऱ्यांदा चाळले. एकशे एकोणीस जण पूर्ण समाधानी होते. केदारखेड्याच्या शीतलने तेवढं ‘असमाधानी’ लिहिलं होतं आणि कारणाची जागा कोरी सोडली होती. सरांची मुदतवाढ या फॉर्मवरच ठरणार होती.

“सर, तो एक कागद काढून टाका, मंग सगळं बराबर,” पुस्तकं देणारा शिपाई मच्छिंद्र म्हणाला. “कमिटी उद्या येऊन राह्यली.”

“थांबा मच्छिंद्रभाऊ. पोरीला आपण काय कमी केलं, ते तर कळू द्या.”

अस्वस्थ सरांनी त्याच्याकडची देवघेवीची वही ओढून घेतली.


पानामागून पान उलटलं, तरी पुस्तक नेणाऱ्याच्या रकान्यात शीतलखेरीज दुसरं नाव सापडेना.