एकाच गिऱ्हाइकाचं बेट

"अनीशच्या दादांना धंद्यात घेऊ नकोस. आज बरण्या उचलायला येतील, उद्या दुकानच उचलून नेतील," मैत्रीण नैनानं तेव्हाच बजावलं होतं. नीलांबरीनं ते हसण्यावारी नेलं. सख्खे थोरले दीर, इथेच अमेरिकेत, अल्फारेटात दोन सिग्नल सोडून राहणारे. परके थोडेच होते!

आता तेच राजेशदादा तिच्या किचनमध्ये उभे होते आणि ती त्यांची बॅग भरून देत होती.

"एवढं मेतकूट? नीलू, दोन आठवड्यांसाठी चाललोय मी."

"असू द्या दादा. तिकडे नुसते मासे आणि रताळी. तुमचं कसं व्हायचं?"

दादा खूश झाले. चकलीचा डबा त्यांनी स्वतःच आत कोंबला.

ते निघाले होते पॅसिफिकमधल्या एका चिमुकल्या बेटावर. तिथे विमानतळ नाही. विकायला मधाखेरीज काही नाही. पिठापासून डिझेलपर्यंत जे काही बाहेरून येतं, ते त्या मधाच्या जोरावर. तो मध अमेरिकेत आणला नीलांबरीनं. बेटावर मध भरण्याचं काम बघणाऱ्या टेरेसाशी तिनं ओळख वाढवली, शनिवारच्या बाजारात टेबल मांडून एकेक गिऱ्हाईक जोडलं. होता होता बेटाचा सगळा मध तीच घेऊ लागली.

मग उर्वी झाली. नीलांबरी हॉस्पिटलमधून घरी यायच्या आत दादांनी सगळ्या गिऱ्हाइकांना फोन केले होते. "ती आता बाळात अडकली. यापुढे मीच." गोडाऊनचं कुलूपही बदललं होतं.

"अगं, तू आराम कर," ते म्हणाले होते. "फॅमिली बिझनेस आहे ना?"

"जाऊ दे ना यार," अनीश म्हणाला होता. "दादा आहे तो."

तिनं जाऊ दिलं. निदान सगळ्यांना तसं दिसलं.

यंदा दादांनी बेटाला कळवलं, निम्म्या रेटनं देणार असाल तर घेतो. बेटानं नाही म्हटलं. मग ते स्वतःच निघाले.

"समोर जाऊन बसलं की वाकतात लोक," ते म्हणाले. "पिंपं भरून पडलीत आणि माझ्याशिवाय घेणारं कोण आहे त्यांना? जातायत कुठे!"

दादांनी सॅम्पलची बरणी उघडली तसा एक थेंब फरशीवर पडला. उर्वी रांगत तिकडे निघाली. नीलांबरीनं झडप घालून तिला उचललं आणि फरशी दोनदा पुसली.

"चाटव की जरा. आपल्याकडे जन्मल्या जन्मल्या देतात."

"डॉक्टरांनी वर्षाच्या आत अजिबात नको सांगितलंय, दादा."

"तू ना, फार घाबरट आहेस," दादा हसले. "बरं, परतीचं कसं?"

"बोट तुम्हाला आणि सामानाला उतरवून जाईल. मध न्यायचा झाला की टेरेसा कंपनीला कळवते, मग येते परत."

"म्हणजे मी हो म्हटलं की बोट येणार. वा! टाइमटेबल माझंच."

"हो, दादा."

"या खेपेला पीठ आणि डिझेल दुप्पट मागवलंय म्हणे त्यांनी. टरकलेत. मी काही घेणार नाही म्हणून साठा करतायत."

"असेल."

निघताना ती वाकून पाया पडली. दादांचा आवाज थोडा हळवा झाला.

"सुखी राहा. मागचं काही मनात ठेवू नकोस हं."

"छे हो, दादा."

दारात उभं राहून तिनं उर्वीचा इवलासा हात धरून हलवला. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती हलवत राहिली.

पोचल्याचा मेसेज आला. मग बरेच दिवस काही नाही. आणि एका दुपारी फोन वाजला. बेटावर इंटरनेट फक्त पोस्टात, तेही थोडा वेळ. दादांचा आवाज तुटत होता.

"नीलू, हे लोक कमाल करतायत. चहा देतात, मासे देतात, गप्पा मारतात. सौद्याचं काढलं की हसतात!"

"पूर्ण रेट देऊन बघितलात?"

"पूर्ण? दीडपट म्हणालो शेवटी! ती टेरेसा म्हणते, मध विकला गेलाय. कुणाला, ते सांगत नाही. तुझी ओळख आहे ना तिच्याशी? जरा शोध, कोण हरामखोर आहे तो."

"बघते, दादा."

"आणि बोटीचं बघ. इथे कुणी काही धड सांगत नाही. मला ऑफिस आहे, नीलू!"

"बघते म्हटलं ना. तब्येतीला जपा."

फोन कट झाला. नीलांबरीनं उर्वीला मऊ भात भरवला, तिचं तोंड पुसलं, झोपवलं. झोपलेल्या बाळाचा श्वास नीट चाललाय ना, हे नेहमीसारखं दोनदा बघितलं. मग सोफ्यावर बसून गावातल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहायला घेतलं.

"नमस्कार मंडळी! बेटावरच्या मधाच्या ऑर्डरी आता पुन्हा माझ्याकडे द्यायच्या. यंदाचं सगळं पीक मीच घेतलंय, राजेशदादा निघायच्या आधीच. मध काही नासत नाही, म्हणून टेरेसाला म्हटलं, घाई नको, पुढच्या वर्षीच पाठव. तोवर तिकडे बोटीला काही काम नाही, त्यामुळे बोटही नाही. तुमच्यापैकी कुणी शिडाच्या होडीनं वगैरे त्या बाजूला जाणार असाल, तर आमच्या दादांना जरा बघून या."